विश्लेषण : गोड्या पाण्यातील स्कुबा डायव्हिंग समुद्रापेक्षा वेगळे का? आल्प्सच्या सहलीत तलाव कसा निवडावा?

पाण्याखाली बुडालेला लाकडी बाक, हिरवे कुरण आणि पायवाटेवरून तरंगत जाणारा डायव्हर... ऑस्ट्रियातील ‘ग्रुनर झे’ या तलावाची ही दृश्ये आजही समाजमाध्यमांवर फिरतात. प्रत्यक्षात तिथे २०१६ पासून डायव्हिंगला बंदी आहे. त्यामुळे फोटो पाहून तलाव निवडणे फसवे ठरू शकते. मग निवड कशाच्या आधारे करावी?

परवानगीचा प्रश्न आधी का?

ग्रुनर झेमध्ये वसंतात बर्फ वितळून पाण्याची पातळी वाढते आणि भोवतालचे उद्यान बुडते. वाढत्या गर्दीचा निसर्गाला त्रास होऊ लागल्याने बंदी आली. टिरोलमधील फर्नस्टाइनझे येथे तर डायव्हिंग तलावाकाठच्या हॉटेलातील पाहुण्यांपुरतेच मर्यादित आहे. प्रत्येक तलावाचा नियम वेगळा असल्याने तिकिटे काढण्यापूर्वी स्थानिक डायव्हिंग केंद्राकडे चौकशी करणे उत्तम.

उंचीमुळे काय बदलते?

मालवण किंवा गोव्यात डायव्ह करणारा समुद्रसपाटीवर असतो. वाइसनझे तलाव मात्र सुमारे ९३० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब साधारण दहा टक्क्यांनी कमी असतो. खोल पाण्यात शरीरात विरघळलेला नायट्रोजन वर येताना हळूहळू बाहेर पडावा लागतो. पृष्ठभागावरचा दाब कमी असेल तर बुडबुडे तयार होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे तिथला १८ मीटरचा डायव्ह हिशेबात समुद्रातील सुमारे २० मीटरसारखा धरावा लागतो. ३०० मीटरपेक्षा उंच ठिकाणी हा हिशेब वेगळा करतात. डाइव्ह कम्प्युटर उंची आपोआप ओळखतो की सेटिंग बदलावे लागते, हे आधीच तपासावे.

डायव्हनंतर घाटातून प्रवास धोक्याचा का?

विमानप्रवासापूर्वी एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डायव्हनंतर १८ तास थांबावे, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. पण रस्त्याचा विचार होत नाही. समजा, ४६९ मीटर उंचीवरील आटरझेमध्ये सकाळी डायव्ह केला आणि दुपारी ग्रोसग्लॉकनरच्या घाटरस्त्याने वाइसनझेकडे निघालात. हा रस्ता २,५०४ मीटरपर्यंत चढतो. विमानाच्या केबिनमधील दाब साधारणपणे २,४०० मीटर उंचीइतका किंवा त्याहून जास्त ठेवलेला असतो. म्हणजे गाडीतला प्रवासी विमानातल्या प्रवाशाइतकाच, किंबहुना थोडा अधिक ‘उंच’ जातो. सांधेदुखी, बधिरपणा, चक्कर ही डीकम्प्रेशन सिकनेसची लक्षणे घाटातच सुरू झाली, तर उपचारही दूर राहतात.

थंडी आणि वजनाचे गणित काय?

उन्हाळ्यात तलावाचा वरचा थर पोहण्याजोगा असतो, पण काही मीटर खाली तापमान झपकन घसरते. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्यामुळे सुमारे १७० मीटर खोल आटरझेसारख्या तलावाचा तळ वर्षभर थंडच राहतो. दहा अंशांखाली साधा रेग्युलेटर गोठून हवा सतत वाहू लागण्याची भीती असते. थंड पाण्यासाठीचाच रेग्युलेटर घ्यावा. गोडे पाणी समुद्रापेक्षा हलके असल्याने कमरेचे वजन दोन-तीन किलोंनी कमी लागते. मात्र जाड सूट घातला की ते पुन्हा वाढते. म्हणून पहिल्या डायव्हपूर्वी उथळ पाण्यात तरंगून पाहावे.

साहित्य धुण्याचा आग्रह कशासाठी?

बोडनझे तलावात २०१६ मध्ये क्वागा हा परका शिंपला आढळला. त्याच्या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि ओल्या सूटमधून दुसऱ्या तलावात पोहोचू शकतात. त्यामुळे तलाव बदलताना साहित्य धुऊन, पाणी निथळून पूर्ण वाळवणे गरजेचे आहे.

सहलीचा क्रम कसा ठेवावा?

आधी घाट, मग डायव्ह. उंच रस्ता ओलांडून झाल्यावर पाण्यात उतरावे आणि त्यानंतरचा मुक्काम तलावाकाठीच करावा. साहित्य वाळायला वेळ मिळतो आणि शरीरातील नायट्रोजन निघून जायलाही. समुद्रात शिकलेल्यांनी पहिला डायव्ह उथळ आणि स्थानिक प्रशिक्षकासोबतच केलेला बरा.