फायरप्लेस हवीय, पण थंडी कुठाय?

रत्नागिरीत जानेवारीतसुद्धा रात्री पंखा लागतो. तरी परवा एका मित्राच्या नव्या फ्लॅटवर गेलो, तर टीव्हीखाली पांढरीशुभ्र फायरप्लेस! दोन बाजूंना खांब, वर फळी, आत एलईडीच्या ज्वाळा. सगळं पीओपीचं.

हसू नका. मूळ वस्तू खरंच भारी आहे. इंग्लंडच्या थंडीत सगळं घर शेकोटीभोवती बसायचं. तिच्याभोवतीची चौकट संगमरवराची, कारण दगड पेट घेत नाही. 1738 मध्ये हर्क्युलेनियम आणि 1748 मध्ये पॉम्पेई खणायला सुरुवात झाली आणि युरोपला रोमन नक्षीचं वेड लागलं. रॉबर्ट अ‍ॅडम इटलीत जाऊन देवळं-राजवाडे बघून आला. पण गंमत बघा, रोमन घरांत अशी भिंतीतली शेकोटी नव्हतीच! मग त्याने देवळाचे खांब बारीक केले, फुलांच्या माळा, कलश, पानं नाजूक कोरून घेतली आणि ते सगळं दिवाणखान्याच्या मापात बसवलं. म्हणजे उचललं, पण आपल्या गरजेला वळवून. आपण नेमकी ही पायरी गाळतो.

आपल्याकडेही आगीचं डिझाइन होतंच की. आजीच्या चुलीला वायल असायचा. चुलीतली उरलेली आच तिकडे जायची, त्यावर आमटी गरम राहायची. मँटलच्या फळीचं काम जांभ्याच्या जाड भिंतीतला कोनाडा करायचा.

आणि परक्या वस्तूचं वावडं नकोच. थिबा पॅलेस बघा. इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या कैदेतल्या राजासाठी 1910 मध्ये बांधला. त्यातही संगमरवर आहे, पण हॉलच्या जमिनीला, म्हणजे पायाला गार लागेल तिथे. कोकणच्या पावसासाठी उतरती छपरं आहेत. नक्षीची हौस अर्धगोल लाकडी खिडक्यांवर भागवलीय, जिथून वारा येतो.

इंटिरियरचा कोर्स करत असाल तर वही घेऊन एक दुपार तिथे बसा. आणि तुमच्या घराचं काम निघालं असेल, तर बाबांच्या ईएमआयमधून त्या ज्वाळा घेण्याआधी एकदा मिस्त्रीला विचारा, त्याच पैशांत खिडकी मोठी होईल का?