रिपोर्ट नॉर्मल, त्रास कायम

घरातून निघताना एकदा, एसटी स्थानकावर पोहोचल्यावर पुन्हा आणि गाडी सुटायच्या आत तिसऱ्यांदा लघवीला जाऊन येणारी बाई जवळपास प्रत्येक घराच्या ओळखीची असते. लग्नाच्या हॉलमध्ये शिरताच ती आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवते. प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाही. घरचे म्हणतात, उष्णता झाली असेल, सब्जा घे. शेजारीण धन्या-जिऱ्याचे पाणी सुचवते. औषधाच्या दुकानातून ‘उन्हाळी’च्या गोळ्या येतात. शेवटी तालुक्याच्या ठिकाणी तपासण्या होतात. साखर ठीक, लघवीत जंतू नाहीत, सोनोग्राफीत दोष नाही. ‘सगळे नॉर्मल आहे, मनावर घेऊ नका’ असे सांगून तिला घरी पाठवले जाते. डॉक्टरांच्या दृष्टीने विषय तिथे संपतो. तिच्यासाठी मात्र खरी अडचण तिथून सुरू होते, कारण त्रास तर आहे, पण तो खरा असल्याचा कागद हाती नाही.

हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा. रिपोर्ट नॉर्मल आले याचा अर्थ काही कारणे बाद झाली, एवढाच आहे. आजार नाही, असा तो नाही. घड्याळाच्या फोटोवरून ते पुढे पळते की मागे पडते हे कळत नाही. सोनोग्राफीत मूत्राशयाचा आकार दिसतो, पण दिवसभर ते वागते कसे, हे बहुतेक वेळा दिसत नाही.

प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. त्याच्या बरीच आधी, दीडशे-दोनशे मिलिलिटरच्या सुमारास, पहिली जाणीव होते. मेंदू त्या वेळी ‘थांब’ असा निरोप देतो आणि माणूस हातातले काम पुरे करतो. दिवसाकाठी सात-आठ वेळा आणि रात्री एखाद्या वेळी उठणे सर्वसाधारण मानले जाते. काही जणांच्या बाबतीत हा ‘थांब’चा निरोप पाळलाच जात नाही. मूत्राशयाचा स्नायू अवेळी आकुंचन पावतो किंवा थोडीशी लघवीही खूप साठल्यासारखी वाटते. अशी एकाएकी, दम न धरवणारी घाई हे अतिक्रियाशील मूत्राशयाचे मुख्य लक्षण आहे. या विषयातील आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२ मध्ये केलेली या विकाराची व्याख्या लक्षणांवर आधारलेली आहे. जंतुसंसर्ग किंवा दुसरे उघड कारण नसताना अशी घाई होत असेल, तर तो विकारच. म्हणजे ‘रिपोर्टमध्ये काही नाही’ ही या निदानाच्या आड येणारी गोष्ट नाही, उलट त्याची एक अट आहे.

अर्थात दुसरी कारणे खरोखर शोधली गेली आहेत का, हे पाहिलेच पाहिजे. मधुमेह आणि जंतुसंसर्ग सर्वांना माहीत असतात. पण रक्तदाबासाठी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी, साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी अडकलेला खडा, जुनी बद्धकोष्ठता, खाली सरकलेले गर्भाशय, पुरुषांमधली वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, मणक्यातील नसांवरचा दाब, अशी कितीतरी कारणे केसपेपरवरच्या दोन ओळींत निसटून जातात.

काही खुणांकडे तर अजिबात दुर्लक्ष करू नये. लघवीतून एकदाच, आणि न दुखता, रक्त गेले तरी तपासणी हवी, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर तातडीने. मूत्राशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. लघवीत वारंवार पू दिसतो, पण नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत, अशा वेळी भारतात क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. क्षय मूत्राशयातही होतो आणि उशीर झाल्यास ते आक्रसून लहान होते. अशा रुग्णाला दर महिन्याला वेगळे अँटिबायोटिक देत राहणे म्हणजे मोलाचा वेळ घालवणे. पाय अचानक बधिर होणे, शौचावरचा ताबा जाणे किंवा लघवी अडणे ही मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याची कारणे आहेत.

हे सारे तपासून झाल्यावर मोठ्या यंत्राकडे जाण्याआधी एक साधी तपासणी उरते आणि नेमकी तीच सर्वात कमी केली जाते. ती म्हणजे तीन दिवसांची लघवीची नोंद. लागते काय, तर एक वही, एक पेन आणि मापाच्या खुणा असलेला प्लॅस्टिकचा मग. किती वाजता लघवी झाली, किती मिलिलिटर झाली, घाई होती का, थेंब गळले का, पाणी-चहा किती घेतला आणि झोप कधी लागली, एवढेच लिहायचे.

ही वही पुष्कळ काही सांगून जाते. दर वेळी तीनशे-चारशे मिलिलिटर आणि दिवसाची बेरीज तीन लिटरच्या पुढे गेली, तर दोष मूत्राशयाचा नाही. शरीरात लघवीच जास्त तयार होते आहे, आणि शोध साखर, मूत्रपिंड, औषधे किंवा अति पाणी पिण्याच्या दिशेने घ्यायला हवा. दिवसा-रात्री दोन्ही वेळा ऐंशी-शंभर मिलिलिटरच होत असेल, तर मूत्राशय चिडलेले आहे किंवा त्यात जागाच कमी आहे. पिशवी भरत आली की ओटीपोटात दुखते आणि लघवी झाली की बरे वाटते, असे असेल तर मूत्राशयाच्या दीर्घकालीन दुखण्याचा विचार करावा लागतो. दिवसा दर तासाला फेरी, पण रात्री सलग झोप आणि सकाळी उठल्यावर एकदम चारशे मिलिलिटर, असे दिसले तर पिशवीची क्षमता शाबूत आहे. ‘वाटेत लागेल’ या धास्तीने आधीच जाऊन येण्याची सवय तिला लागली आहे. रात्रीच मोठ्या प्रमाणात लघवी होत असेल, तर पायांवरची सूज, हृदयाचा आजार किंवा झोपेत श्वास अडण्याचा विकार तपासावा लागतो. चार रुग्ण एकाच वाक्यात तक्रार सांगतात, ‘सारखी लघवीला होते’. वही त्यांना चार वेगळ्या वाटांनी पाठवते.

यानंतरही प्रश्न उरला तर मूत्राशयाच्या तपासण्या आहेत. पहिली सोपी असते. यंत्राला जोडलेल्या भांड्यात नेहमीसारखी लघवी करायची, तिचा वेग नोंदला जातो. मग सोनोग्राफी करून आत किती लघवी शिल्लक राहिली ते मोजतात. पिशवी रिकामीच होत नसेल तर फेऱ्या वाढणारच, आणि तिथे घाई कमी करणारी गोळी दिल्यास लघवी अडण्याचा धोका असतो.

युरोडायनॅमिक तपासणीची मात्र लोकांना भीती वाटते. तिच्यात एक बारीक नळी मूत्रमार्गातून मूत्राशयात आणि दुसरी गुदद्वारातून आत ठेवतात. दुसरी नळी पोटाचा दाब मोजते, म्हणजे खोकल्याने वाढलेला दाब आणि मूत्राशयाच्या स्नायूचा दाब वेगळा ओळखता येतो. मग सलाइनने पिशवी सावकाश भरत नेतात आणि रुग्णाला विचारत राहतात, पहिली जाणीव कधी झाली, जोरात कधी लागली, आता थांबवत नाही असे कधी वाटले. मध्येच खोकायला सांगतात. शेवटी नळ्या तशाच ठेवून लघवी करायची असते. भूल लागत नाही. साधारण अर्धा ते एक तास जातो. नंतर एखादा दिवस जळजळ होऊ शकते. ताप आला किंवा लघवी अडली तर लगेच परत यावे. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर तपासणी पुढे ढकलतात.

ही तपासणी सर्वांना लागत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. साध्या उपायांनी गुण येत नसेल, शस्त्रक्रियेचा विचार असेल, मज्जासंस्थेचा आजार असेल किंवा निदान खरोखर संदिग्ध असेल, तेव्हाच तिचा उपयोग. शिवाय घाईचा त्रास असलेल्या अनेकांचा आलेखही नॉर्मल येतो, कारण तासाभराच्या तपासणीत मूत्राशय घरच्यासारखेच वागेल याची हमी नसते. तेव्हा इथेही ‘नॉर्मल’ म्हणजे ‘खोटी तक्रार’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

अनोळखी माणसांसमोर, कपडे बाजूला करून, यंत्रावर बसून लघवी करणे ही कुणालाही अवघड वाटणारी गोष्ट आहे. पडदा, दाराला कडी, स्त्री रुग्णासोबत स्त्री कर्मचारी आणि आधी पाच मिनिटे मराठीत समजावून सांगणे यांना सौजन्य समजण्याचे कारण नाही. संकोचलेल्या माणसाला लघवी होतच नाही आणि आलेख चुकतो. ही काळजी म्हणजे तपासणीचाच भाग आहे.

उपचारांची सुरुवातही गोळीने होऊ नये. घाई आली की धावायचे नाही. जागीच थांबून ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचे, लाट ओसरू द्यायची आणि मग जायचे. दोन फेऱ्यांमधले अंतर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवायचे. चहा-कॉफी कमी आणि पोट साफ. याचा परिणाम दिसायला दीड ते तीन महिने लागतात, हे सुरुवातीलाच सांगितले तर लोक टिकून राहतात. गोळ्यांचा उपयोग होतो, पण काहींनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते आणि वृद्धांच्या स्मरणशक्तीवर परिणाम होण्याची शक्यता असते. काहींच्या बाबतीत रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. त्याही पुढे मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शने किंवा घोट्याजवळच्या नसेला सौम्य विद्युत उत्तेजन असे उपाय आहेत.

एक उपाय मात्र बायका स्वतःच शोधून काढतात आणि तो घातक ठरतो, तो म्हणजे पाणीच न पिणे. घट्ट लघवी मूत्राशयाला आणखी चिडवते, खडे आणि जंतुसंसर्ग यांना वाट करून देते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर हे उष्माघाताला आमंत्रण. पण तिला ‘पाणी प्या’ एवढेच सांगून भागत नाही. बाजारात, बस स्थानकावर, कामाच्या ठिकाणी दार लागणारे आणि पाणी असलेले स्वच्छतागृह नसेल, तर ती पाणी कशाच्या भरवशावर पिणार? मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ चळवळीने हाच प्रश्न मांडला होता. तो स्वच्छतेइतकाच आरोग्याचा आहे.

युरोडायनॅमिक यंत्रे मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत, आणि ती प्रत्येक तालुक्यात लगेच येणार नाहीत. पण तीन दिवसांच्या नोंदीचा एक छापील कागद प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात केसपेपरसोबत देता येईल, आशा सेविकेकडूनही घरी पोहोचवता येईल. सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेल्या बाईला ‘मनावर घेऊ नका’ म्हणण्याऐवजी ‘हा कागद भरून पुढच्या आठवड्यात या’ असे सांगायला कोणत्याही यंत्राची गरज नाही. आपला त्रास कुणीतरी मोजतो आहे एवढे कळले, तरी ती पुन्हा येईल. एखादा क्षय किंवा कर्करोग वेळेत सापडायचा असेल, तर तिने पुन्हा येणेच आवश्यक आहे.