आराखडा आपला, मालकी कोणाची?

इंदूर म्हटले की गोमंतकीयाला होळकरांच्या आधी मंगेशकर आठवतात. मंगेशीचे नाव लावणाऱ्या लताबाईंचा जन्म १९२९ साली त्याच नगरीत झाला. त्यांचा स्वर आज खिशातील फोनमधून ऐकू येतो तो एका चिपच्या कृपेने. आणि अशा चिपांच्या संरक्षणाचे महत्त्वाचे संशोधनही इंदूरलाच चालले आहे, हे मात्र फारसे कोणाच्या गावी नाही.

२००९ साली स्थापन झालेल्या इंदूरच्या आयआयटीत प्रा. अनिर्बन सेनगुप्ता व त्यांचे सहकारी ध्वनी आणि चित्रे यांवर प्रक्रिया करणाऱ्या परिपथांचा या दृष्टीने अभ्यास करीत आले आहेत. असा परिपथ हल्ली एका जागी जन्मत नाही. एक कंपनी आराखडा करते, दुसरी तो विकत घेऊन मोठ्या चिपमध्ये बसवते, आणि घडण तिसऱ्याच देशातील कारखान्यात होते. या प्रवासात आराखड्याची चोरी होऊ शकते. नकली मालात घातकी जोडणी दडलेली असली तर बँकेला वा सैन्याला तिचा पत्ताही लागत नाही. आज्ञावलीतील चूक दुरुस्त करता येते. सिलिकॉनमध्ये कोरलेली कशी पुसणार? जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ उघडकीस आले, तेव्हा नामांकित प्रोसेसरांनाही ठिगळे लावूनच वेळ निभावावी लागली.

इंदूरचा एक उपाय मोठा मार्मिक आहे. गणिताची कोणती पायरी केव्हा व्हावी आणि तिचे उत्तर कोणत्या रजिस्टरमध्ये ठेवावे, हे ठरवताना संकल्पकाला पुष्कळ मोकळीक असते. त्याच्या बोटाच्या ठशावरून अंकमालिका बनवायची आणि अमुक दोन उत्तरे एकाच रजिस्टरमध्ये ठेवायची नाहीत, असे नियम तिच्यातून काढायचे. परिपथाचे काम पूर्ववत चालते, पण आराखड्याच्या हाडीमांसी निर्मात्याची खूण मुरते. ती सहजासहजी निघत नाही. अर्थात खूण चोरी सिद्ध करते, टाळत नाही. पुढचे काम कायद्याचे. आपला २००० सालचा कायदा नोंदलेल्या मांडणीला दहा वर्षे संरक्षण देतो. मांडणीपूर्वीच्या बौद्धिक श्रमांपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीने या उद्योगासाठी ७६,००० कोटींची योजना जाहीर केली. साणंद आणि धोलेरा येथील कारखान्यांचे कोडकौतुक झाले, ते योग्यच. परंतु आराखडे करणाऱ्यांच्या उत्तेजनार्थ घोषित झालेली रक्कम होती अवघी १,००० कोटी. भिंतींना भांडवल आणि बुद्धीला दक्षिणा! बंगळूर, पुण्यातील आपली कितीतरी मुले परक्या कंपन्यांचे आराखडे करतात आणि मालकी सातासमुद्रापार जाते. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’, सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर घरचे आहेत. सरकारी मीटर, कॅमेरे, ओळखयंत्रे यांत त्यांना अग्रक्रम का नसावा?

आमची आयआयटी २०१६ साली फर्मागुडीला सुरू झाली. शेळ-मेळावलीच्या लोकांनी जमिनीसाठी लढा दिला, २०२१ मध्ये सरकारला तेथून माघार घ्यावी लागली. तो हक्क आम्ही मानतो. पण संस्थेत काय घडावे याची चर्चा त्या गदारोळात आम्हाला ऐकू आली नाही. या विषयात इंदूरशी सहकार्याचा हात पुढे करायला जागेचा निकाल लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.