वाहनाचा वेग आणि वाटेची रुंदी

मनुष्य वयानें वाढला म्हणजे त्याचा विवेकही वाढतोच असें नाहीं, याचा अनुभव आम्हांस गेल्या उन्हाळ्यांत आला. तो सांगतांना थोडी लाज वाटते. परंतु त्यामुळें कोणा वाचकाचे चार पैसे आणि एखादा स्नेह वांचला, तर ती लाज सार्थकीं लागली असें आम्ही समजूं.

आमच्या बिरसीची धांवपट्टी 1940 सालीं महायुद्धाच्या निमित्तानें झाली आणि 2022 सालीं तेथून प्रवासी विमानेंही उडूं लागलीं. आमच्या घरीं मात्र वेगाचा वाद निघाला तो संगणकावरून. सन 2018 मध्यें घेतलेला हा संगणक कारखान्यांतूनच जुळवून आलेला. त्यांतील फिरत्या तबकडीची डिस्क मंदावली, म्हणून गोंदियास दुकान चालविणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून आम्हीं एसएसडी आणली. खोक्यावर वाचनाचा वेग सेकंदास 7,000 मेगाबाईट छापलेला. नातवानें मोजून पाहिला, तों 1,700 च्या वर जाईना. आम्ही तडक दुकानांत गेलों आणि चार गिऱ्हाइकांदेखत बोललों, "बनावट माल द्यावयास तुला तुझे मास्तरच सांपडले काय?" तो खालीं पाहून इतकेंच म्हणाला, "गुरुजी, संध्याकाळीं घरीं येतों."

तो आला. क्रिस्टलडिस्कइन्फो नांवाच्या प्रोग्रॅममध्यें त्यानें आम्हांस दोन नोंदी शेजारीं शेजारीं दाखविल्या. डिस्कची स्वतःची शक्ति : पीसीआय एक्स्प्रेसची चौथी पिढी, चार मार्गिका. येथें तिला मिळालेली वाट : तिसरी पिढी, दोन मार्गिका. तिसऱ्या पिढीची एक मार्गिका सेकंदास सुमारें 985 मेगाबाईट वाहते. चौथीची त्याच्या दुप्पट. म्हणजे दोन मार्गिकांवर 1,970 हीच परमावधि. व्यवहारांतील घट वजा जातां 1,700 उरले यांत नवल तें काय? कांहीं मदरबोर्डांवर तर दिसण्यांत तीच एम-डॉट-टू खांच केवळ साटा पद्धतीची असते. तींत साटाची डिस्क बसविली तर वेग 550 च्या आसपास थांबतो, आणि ही आमची डिस्क तर तेथें चाललीच नसती.

हें समजण्यास आमच्या पिढीला गोंदियाचें स्टेशन पुरेसें आहे. मुंबई-हावडा मार्गाच्या मोठ्या गाडीनें आलेला जबलपूरचा उतारू पूर्वीं येथें उतरून अडीच फुटी रुळांच्या लहान गाडींत बसे. मोठ्या गाडीचा वेग त्याच्या पुढें कामास येत नसे. तो मार्ग पुढें रूळ बदलून रुंद झाला. मदरबोर्डावरील मार्गिका मात्र तांब्याच्या रेषांनीं कायमच्या आंखलेल्या असतात. बरें, मदरबोर्डच बदलावा, तर अशा तयार संगणकांत पुष्कळदां त्याचा आकार व जोडण्या निराळ्या असतात. बाजारांतला दुसरा बोर्ड त्या पेटींत बसत नाहीं.

"मग पैसे बुडाले म्हणावयाचे?" आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "नाहीं, गुरुजी. उद्यां नवा संगणक घेतलात, तर हीच डिस्क त्यांत पूर्ण वेगानें चालेल. शिवाय रोजच्या कामांत लहान लहान विखुरलेलें वाचनच फार. तेथें 1,700 आणि 7,000 यांतला फरक सहसा जाणवत नाहीं. जुन्या तबकडीचा वेग दीडशेच्या घरांत होता, शिवाय प्रत्येक वाचनास तिचा कांटा जागा शोधीत फिरे. तो खोळंबा संपला, हाच खरा लाभ."

वेदान्ती घटाकाशाचा दृष्टांत देतात : आकाश अपार, पण घटांत तें घटाएवढेंच. हा दृष्टांत आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितला. घरच्या घटाकडे मात्र पाहिलें नाहीं. तेव्हां वाचकहो, नवी डिस्क घेण्यापूर्वीं आपल्या मदरबोर्डाच्या माहितीपुस्तकांत तीन गोष्टी पाहाव्या : खांच कोणत्या पद्धतीची, पिढी कोणती आणि मार्गिका किती.

दुसऱ्या दिवशीं आम्ही पुन्हा गोंदियास गेलों. दुकानांत गिऱ्हाइकें जमेपर्यंत बाहेर थांबलों, आणि मग सर्वांदेखत सांगितलें कीं, माल चोख होता, चूक आमची. पस्तीस वर्षें आम्ही मुलांस बजावीत आलों, "आधीं प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा." त्या दिवशीं तो धडा आमच्या विद्यार्थ्यानें आम्हांस एक शब्दही न उच्चारतां परत दिला.