दोष फोटोत, उपचार चेहऱ्यावर

लग्नसराई जवळ आली की सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात चेहऱ्याच्या तक्रारी वाढतात. पूर्वी या तक्रारी खाज, पुरळ, नायटा, वांग अशा असत. आता अनेक तरुण-तरुणी आधी मोबाइल पुढे करतात. ‘डॉक्टर, नाक बघा केवढं दिसतंय’, ‘रंग किती काळवंडलाय’. समोर बसलेला चेहरा निरोगी असतो, तक्रार फोटोतल्या चेहऱ्याची असते. ती दूर करण्यासाठी जी मलमे वापरली जातात, त्यांचे परिणाम मात्र खऱ्या त्वचेवर आणि कधी कधी मूत्रपिंडावर होतात. म्हणून या विषयाकडे ‘हल्लीच्या पोरांची हौस’ म्हणून पाहून चालणार नाही.

बेलापूरच्या दिवाळे गावाचेच उदाहरण घ्या. खाडीकाठचे हे कोळ्यांचे गाव. होडीवर काम करणाऱ्याच्या अंगावर ऊन दोनदा पडते, एकदा आकाशातून आणि एकदा पाण्यावरून परावर्तित होऊन. अशा वेळी त्वचा मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त तयार करते आणि आतल्या पेशींना अतिनील किरणांपासून जपते. रापणे ही शरीराने स्वतःसाठी धरलेली छत्री आहे. सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन कोळीवाड्यांत येणाऱ्या हौशी मंडळींना हेच रापलेले चेहरे ‘फोटोजेनिक’ वाटतात. तोच रंग लग्नाच्या बायोडेटावरच्या फोटोत मात्र चालत नाही. एकच त्वचा एका फोटोत कौतुकाची आणि दुसऱ्या फोटोत लपवण्याची कशी ठरते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

फोटोग्राफी आणि वैद्यक यांचे नाते जुने आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्या सुरुवातीच्या सदस्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर डॉक्टर आणि छायाचित्रकार दोन्ही होते. त्याच दशकात इंग्लंडमधील मनोरुग्णालयात डॉ. ह्यू डायमंड रुग्णांचे फोटो काढून ते त्यांनाच दाखवत. स्वतःचे रूप पाहून रुग्णाला आपल्या अवस्थेची जाणीव होते आणि बरे होण्यास मदत होते, असे त्यांचे मत होते. फोटो माणसाची स्वतःबद्दलची समजूत बदलू शकतो, हे डॉक्टरांना तेव्हापासून ठाऊक आहे. पण त्या काळी फोटो आयुष्यात मोजकेच निघत. आज तो दिवसात दहा वेळा निघतो, आणि दर वेळी माणूस स्वतःला नव्याने तपासतो.

ही तपासणी किती भरवशाची? रक्ताच्या अहवालात चूक होऊ शकते तशी फोटोतही होते, आणि तिची कारणे साधी आहेत.

पहिले कारण अंतर. कॅमेऱ्याला जे जवळ असते ते मोठे दिसते. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक कानांपेक्षा कॅमेऱ्याच्या बरेच जवळ असते. २०१८ मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सकांनी गणिताने दाखवून दिले, की १ फुटावरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते. स्टुडिओतला छायाचित्रकार चार पावले मागे उभा राहत असे, ते उगाच नव्हे.

दुसरे कारण आरसा. आपल्याला सवय असते ती आरशातल्या, डावे-उजवे उलटलेल्या चेहऱ्याची. १९७७ मधील एका अमेरिकी प्रयोगात स्त्रियांनी स्वतःची आरशासारखी प्रतिमा पसंत केली, तर त्यांच्या जवळच्या माणसांनी सरळ प्रतिमा. म्हणजे जो फोटो आपल्याला ‘विचित्र’ वाटतो, तोच चेहरा आपल्या माणसांना ओळखीचा आणि आवडीचा असतो.

तिसरे कारण मोबाइलच्या आतली प्रक्रिया. अनेक फोनमध्ये त्वचा गुळगुळीत आणि उजळ करणारी सोय असते, कधी ती आधीपासूनच चालू असते. असा फोटो वर्षभर पाहिला की खरी छिद्रे, खरे डाग, खरा रंग हाच आजार वाटू लागतो.

इथून मलमांचा प्रवास सुरू होतो. मैत्रिणीने सांगितलेली, पार्लरमध्ये मिळालेली, ऑनलाइन मागवलेली ‘उजळ’ करणारी ट्यूब. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. पहिले काही आठवडे चेहरा खरोखर उजळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ आणि लव वाढते. मलम थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड औषधे असलेली मलमे शेड्यूल एचमध्ये आणली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती सहज मिळतात, हे काउंटरवर उभे राहिल्यास कोणालाही दिसेल.

याहून गंभीर धोका पाऱ्याचा. पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून बेकायदा क्रीममध्ये तो घालतात. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची चाळणी बिघडवतो. त्याची वाफ घरातल्या लहान मुलांपर्यंतही पोहोचते. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीमची तपासणी झाली तेव्हा त्यात पारा सापडला. गोरेपणाची किंमत किती असू शकते, याचा हा आपल्याच राज्यातला दाखला.

तेव्हा काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. घटकांची नावे न छापलेली क्रीम घेऊ नये. वेष्टनावर ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरिक’ किंवा ‘कॅलोमेल’ असे लिहिलेले असेल, किंवा सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका अशी सूचना असेल, तर ती चेहऱ्याला लावूच नये. असे क्रीम वापरले असेल आणि लघवीला फेस येत असेल, पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज असेल, तर लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. ही साधी तपासणी सरकारी रुग्णालयातही होते. जाताना क्रीमची डबी सोबत न्यावी. स्टेरॉइडचे मलम बरेच दिवस लावले असेल तर ते कसे बंद करायचे हे डॉक्टरांना विचारावे. आणि एखादी व्यक्ती दिवसातले तास न् तास एकाच कल्पित दोषात अडकून कॉलेज, नोकरी, माणसे टाळू लागली, तर तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. हा ओळखता येणारा आणि उपचाराने आटोक्यात येणारा विकार आहे. त्याला नखरा म्हणू नये.

कॅमेरा काही शत्रू नाही. मधुमेही आजोबांच्या पायाच्या जखमेचा दर दोन दिवसांनी काढलेला फोटो, बदलणाऱ्या तिळाचा महिन्यामहिन्याचा फोटो, येऊन-जाऊन असणाऱ्या गांधीचा फोटो हे डॉक्टरच्या फार कामाचे असतात. कारण तिथे आपण फोटोला एकच नेमका प्रश्न विचारतो, काय बदलले? ‘मी कशी आहे’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची त्याची पात्रता नाही.

अन्न व औषध प्रशासनाने लग्नसराईपूर्वी बाजारातल्या क्रीमची तपासणी नेमाने करावी, मोबाइल कंपन्यांनी चेहरा बदलणारी सोय आधीपासून बंदच ठेवावी, या मागण्या रास्त आहेत. पण पहिले काम घराचे आहे. बायोडेटासाठी मुलीचा फोटो निवडताना ‘यात जरा उजळ दिसतेय’ हे वाक्य आपण म्हणणे बंद केले, तर त्या ट्यूबचे निम्मे गिऱ्हाईक आपोआप कमी होईल.