द्राक्षाची असली म्हणून काय झाले?

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधील वाइन-विक्रीला मंजुरी दिली, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हा युक्तिवाद घराघरांत पोचला. विरोध झाला, निर्णय रखडला. युक्तिवाद मात्र टिकला.

शरीराला तो पटत नाही. १ ग्रॅम साखरेतून ४ उष्मांक मिळतात, तेवढ्याच अल्कोहोलमधून ७. १५० मिलिलिटर वाइनमध्ये साधारण १२५ उष्मांक असतात. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात अर्धा तास झपझप चालून जेवढे खर्चावेत, जवळजवळ तेवढेच! शिवाय शरीर आधी अल्कोहोल जाळते. चरबीची पाळी नंतर.

बिस्किटाच्या पुड्यावर उष्मांक छापणे सक्तीचे, वाइनच्या बाटलीवर नाही. ही सूट कशासाठी? आधी आकडा छापा. मग प्यायची की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.