आवाज येण्याआधीची दुरुस्ती

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. टाटांची इंडिकाही नव्याने मिळेनाशी होऊन काही वर्षे झाली. तरी एमएच-१९ आणि एमएच-१८ क्रमांकाच्या या गाड्या जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर अजूनही रोज दिसतात. मळ्यात, बाजाराला, लग्नसराईत त्या कामाला असतात. अशा गाडीचा एक खर्च वेळेवर केला तर काही शे रुपयांच्या सामानात भागतो आणि टाळला तर काही हजारांवर जातो. तो म्हणजे पुढच्या चाकामागे असलेल्या रबरी आवरणाचा, एक्सल बुटाचा.

हे आवरण कशासाठी असते ते आधी पाहू. अँबॅसेडर, पद्मिनी आणि गावोगावच्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या मागच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या. इंजिनाची ताकद लांब प्रोपेलर शाफ्टमधून मागे जाते आणि मागची चाके फक्त फिरतात, वळत नाहीत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी सामान्य भारतीय कुटुंबाच्या दारात उभी राहिली. या गाडीत पुढच्या चाकावर तीन कामे एकदम येतात. त्याने गाडी ओढायची, स्टिअरिंगबरोबर वळायचे आणि खड्ड्यागणिक वर-खालीही व्हायचे.

जीपच्या शाफ्टला असतो तो साधा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, अशा चाकाला पुरत नाही. क्रॉस कोनात वाकला की प्रत्येक फेऱ्यात वेग दोनदा कमी-जास्त होतो. कोन ३० अंशांचा असेल, तर १०० च्या जागी वेग ८७ पर्यंत उतरतो आणि ११५ पर्यंत चढतो. प्रत्येक वळणावर गाडी थरथरली असती. म्हणून येथे कॉन्स्टंट व्हेलॉसिटी जॉइंट, म्हणजे कोन बदलला तरी गती सारखी ठेवणारा सांधा वापरतात. फोर्ड कंपनीतील अभियंते आल्फ्रेड झेप्पा यांनी तो १९२० च्या दशकात तयार केला. पुढे १९५९ च्या ब्रिटिश मिनी मोटारीने तो घराघरांत पोहोचवला. गॅरेजमध्ये त्याला सीव्ही जॉइंट किंवा नुसते जॉइंट म्हणतात.

या सांध्यात बाहेरून एक पोलादी वाटी असते. तिच्या आतल्या अंगाला ६ खाचा, त्यांत ६ पोलादी गोळ्या आणि त्या गोळ्यांना जागेवर धरणारा पिंजरा. चाक वळले की गोळ्या खाचांतून पुढे-मागे सरकतात, त्यामुळे ताकद सारखी पोहोचत राहते. मापे इतकी नेमकी असतात की वंगण नसेल तर पोलादावर पोलाद घासते. त्यासाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले काळे ग्रीस भरलेले असते.

जीपच्या क्रॉसला निपल असते. मिस्त्री दर सर्व्हिसिंगला ग्रीसगन लावून ताजे ग्रीस भरतो, त्यामुळे जुने कोरडे पडले तरी भर पडत राहते. सीव्ही जॉइंटला निपल नाही. कारखान्यात भरलेल्या ग्रीसवरच त्याने आयुष्य काढायचे असते. ते ग्रीस आत धरून ठेवणे आणि धूळ-पाणी बाहेर ठेवणे, ही दोन्ही कामे एकटा रबरी बूट करतो. जीपच्या सवयीने वाढलेल्या मालकाला हा फरक कोणी सांगितलेला नसतो.

बुटाचे कामही सोपे नाही. त्याला भात्यासारख्या घड्या असतात. चाक वळलेले असताना प्रत्येक घडी एका बाजूला उघडते आणि दुसऱ्या बाजूला मिटते, तेही दर फेऱ्याला. १२ इंची चाकाची मारुती ताशी ६० किलोमीटरने जाते तेव्हा चाक मिनिटाला सहाशेहून अधिक फेरे घेते. रबराला पहिली चीर पडते ती बहुधा घडीच्या तळाशी, जिथे सहज नजर जात नाही.

खानदेशात हे लवकर घडते, आणि त्याला कारणे आहेत. एप्रिल-मेमध्ये येथे पारा ४४-४५ अंशांना टेकतो आणि तापलेल्या डांबराची धग थेट गाडीच्या पोटाला लागते. उष्णतेने रबर कडक होते आणि हवेतील ओझोनने त्याला चिरा पडतात. ठिबकच्या नळ्या उन्हात टिकाव्यात म्हणून त्यांत काजळी मिसळलेली असते, हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. बुटाच्या रबरातही ती असते, पण ती झीज लांबवते, थांबवत नाही. पावसाळ्यात तापी खोऱ्यातली काळी माती लोअर आर्म आणि बुटाच्या मध्ये गोळा होऊन बसते, वाळली की रबराला घासते. कापूस वेचून आणायला गाडी शेतात घातली तर पऱ्हाटीचे खुंट खालून टोचतात. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना तर चाक पुरते वळलेले आणि इंजिनाचा जोरही पूर्ण, म्हणजे सांध्यावर आणि बुटावर एकाच वेळी सर्वांत जास्त ताण.

बूट फाटला की फिरत्या सांध्यातले ग्रीस बाहेर फेकले जाते. रिमच्या आतल्या बाजूला काळे, चिकट शिंतोडे दिसतात. आवाज मात्र काहीच नसतो, आणि घात इथेच होतो. धुळीतले वाळूचे कण उरलेल्या ग्रीसमध्ये मिसळतात आणि खाचा घासू लागतात. मग एक दिवस स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कट-कट ऐकू येते. तेव्हा सांधा झिजलेला असतो. त्यानंतरही गाडी तशीच चालवली आणि सांधा तुटला, तर इंजिन चालते, गिअर पडतो, पण गाडी हलत नाही, कारण सगळी ताकद मोकळ्या झालेल्या बाजूकडे निघून जाते. चढावर गिअरमध्ये उभी केलेल्या गाडीलाही मग गिअर धरून ठेवत नाही.

दुरुस्तीचा निर्णय यावरूनच ठरतो. आवाज नसेल तर बूट किट घ्यावे, त्यात बूट, ग्रीसचे पाकीट आणि क्लिपा येतात. कट-कट सुरू झाली असेल तर नवा बूट चढवणे व्यर्थ आहे. झिजलेली खाच ताज्या ग्रीसने भरून येत नाही. शिवाय दोन्ही कामांत हबचे नट खोलून एक्सल शाफ्ट बाहेर काढावाच लागतो. आज फक्त बूट आणि दोन महिन्यांनी जॉइंट, असे केले तर तीच मजुरी दोनदा जाते.

काम करून घेताना जवळ उभे राहावे. सांधा शाफ्टवरून उतरवून डिझेलने धुवावा, पूर्ण वाळवावा आणि प्रत्येक गोळी व खाच बोटाने तपासावी. खळगा लागला तर जॉइंटच बदलायचा. ग्रीस किटमधलेच सगळे भरावे, चाकाच्या बेअरिंगचे पिवळे ग्रीस त्यात मिसळू नये. क्लिप आवळण्यापूर्वी बुटात कोंडलेली हवा काढून टाकावी. क्लिपेऐवजी तार गुंडाळली तर ती रबर कापते. चिरलेला, वरून जोडायचा बूट मिळतो, पण तो घरी पोहोचण्यापुरता समजावा. भंगारातला जुना शाफ्ट घेतला, तर त्याचा बूट नवा टाकल्याशिवाय बसवू नये.

पीयूसी चाचणीत फक्त धूर पाहतात. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, तेव्हा आणि पुढे दर ५ वर्षांनी तपासणी होते. मधल्या काळात बुटाकडे पाहणारा मालकाशिवाय कोणी नाही. एप्रिल २०२२ मध्ये नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले. एवढे भरून जी गाडी ठेवायची, तिचा सांधा एका रबरापायी गमावणे परवडणारे नाही. गॅरेजवाल्यांनीही सर्व्हिसिंगच्या पावतीवर बुटांची स्थिती लिहून द्यावी. दोन्ही चाकांचे व्हील साइड आणि गिअरबॉक्स साइड मिळून चारच बूट असतात.

बाहेरचे दोन पाहायला जॅकही लागत नाही. इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि मोबाइलचा उजेड चाकामागे टाका. नंतर हँडब्रेक सोडून, चाकाचा अर्धा फेरा होईल एवढी गाडी पुढे ढकलून पुन्हा पाहा, कारण चीर वरच्या अंगाला दडलेली असू शकते. पावसाळा उलटल्यावर एकदा आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला आणायला निघण्यापूर्वी एकदा, एवढे प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने जरूर करावे.